कबुलीची वेळ

आत्मचरित्र खरे असलेच पाहिजे काय, हा प्रश्न आपल्या चर्चासत्रांतून पुष्कळदा चर्चिला गेला आहे; परंतु तो घेऊन वाचकच न्यायालयात गेल्याचे उदाहरण विरळा. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २०१३ साली तसे घडले. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग याचे 'इट्स नॉट अबाउट द बाइक' हे २००० साली प्रसिद्ध झालेले आत्मकथन सत्यकथन म्हणून आपल्या गळ्यात मारण्यात आले, ते खोटे निघाले, अशी काही वाचकांची तक्रार होती. न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आधार घेऊन दावा फेटाळला. कायद्याच्या दृष्टीने ते ठीकच झाले असेल. वाचकाची तक्रार मात्र शिल्लक राहिली, आणि तिचा निवाडा करणे हे समीक्षेचे काम आहे.

ते पुस्तक आज पुन्हा वाचताना जाणवते ते असे, की त्यातला मोठा भाग खोटा नाही. ऑक्टोबर १९९६ मध्ये आर्मस्ट्राँगला कर्करोग झाल्याचे निदान झाले, रोग मेंदूपर्यंत पोचला होता, आणि त्यातून तो उठला. रुग्णालयातील ती पाने अजूनही टिकतात. पुढे १९९९ सालच्या टूर द फ्रान्सचा वृत्तान्त येतो. फ्रेंच वृत्तपत्रांनी घेतलेल्या शंकांना निवेदक तेथे ठामपणे उत्तर देतो, आणि मृत्यूच्या दारातून परतलेला माणूस कशाला खोटे बोलेल, असे आपण मनाशी म्हणतो. दुखणे खरे होते. त्या खरेपणाच्या तारणावर पुढचे सारे उधार घेतले गेले. वाचकाची फसवणूक झाली ती या व्यवहारात, एखाददुसऱ्या असत्य विधानात नव्हे.

थोडी पार्श्वभूमी येथे आवश्यक आहे. एरिथ्रोपोएटिन, संक्षेपाने ईपीओ, हे रक्तातील तांबड्या पेशी वाढवणारे द्रव्य. पंडुरोगावरील हे औषध १९९० च्या दशकात शर्यतींत सर्रास शिरले. २००० पर्यंत ते ओळखणारी मान्यताप्राप्त चाचणीच नव्हती. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने १९९७ साली रक्तातील तांबड्या पेशींच्या प्रमाणाला पन्नास टक्क्यांची मर्यादा घातली; तिचा अर्थ अनेकांनी तेथपर्यंत मुभा आहे असा घेतला. १९९८ च्या जुलैमध्ये फेस्टिना संघाचा मालीशवाला विली व्हूट औषधांनी भरलेल्या मोटारीसह फ्रान्स-बेल्जियम सीमेवर पकडला गेला, तेव्हा जगाला हे कळले. पुढच्याच वर्षी त्याने आपली हकीकत पुस्तकरूपाने सांगितली. तेव्हापासून या खेळात कबुलीजबाबांचा एक वाङ्मयप्रकारच रूढ झाला.

पण या प्रकारातले एक महत्त्वाचे पुस्तक त्याआधीचे आहे. आयर्लंडचा पॉल किमेज चार वर्षे व्यावसायिक शर्यतींत सायकल चालवून निवृत्त झाला आणि १९९० साली त्याने 'रफ राइड' लिहिले. तो विजेता नव्हता, कोणी त्याला पकडले नव्हते, लिहिले नसते तर कोणी विचारलेही नसते. काही प्रसंगी आपणही उत्तेजक घेतले होते, हे त्याने स्वतःच सांगितले. त्याबद्दल सहकाऱ्यांकडून त्याला जे मिळाले, त्यासाठी त्या जगात एक फ्रेंच वाक्प्रचार आहे: सूपमध्ये थुंकणे. आपल्याकडे खाल्ल्या घरचे वासे मोजणे म्हणतात. दोन्हींत अन्नाचा संबंध आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे; प्रश्न सत्याचा नसतो, मिठाला जागण्याचा असतो. बावीस वर्षांनी, २०१२ साली, महासंघाच्या तत्कालीन व माजी अध्यक्षांनी याच किमेजवर अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. आर्मस्ट्राँग प्रकरण उघड झाल्यावर तो स्थगित करण्यात आला.

अन्नाचाच आणखी एक शब्द टायलर हॅमिल्टन याच्या 'द सीक्रेट रेस' या २०१२ च्या पुस्तकात भेटतो. काहीही न घेता शर्यत करण्याला संघातले लोक 'पानियाग्वा' म्हणत. स्पॅनिशमध्ये भाकरी आणि पाणी. शुद्धतेला कैद्याच्या जेवणाचे नाव! आणि ईपीओला 'एडगर', एडगर अॅलन पो या अमेरिकन कथाकाराच्या नावावरून. या पुस्तकाचे वाङ्मयीन मोल अशा शब्दांत आहे. अपराध मोठ्या निर्णयाच्या क्षणी होत नाही, तो बोलण्यातल्या थट्टेतून अंगवळणी पडतो, हे किमेजला बाहेरून दिसले होते. हॅमिल्टनने ते आतून दाखवले. १९९९ च्या टूरमध्ये मोटारसायकलवरून मागे येणारा औषधवाहक, माद्रिदच्या डॉक्टरकडे साठवलेल्या स्वतःच्याच रक्ताच्या पिशव्या, हे तपशील निष्कलंक माणसाला ठाऊक असणे शक्य नव्हते. उत्तम साक्षीदार हा बहुधा वाटेकरीच असतो. त्यामुळे वाङ्मय म्हणून हॅमिल्टनचे पुस्तक मला 'रफ राइड'पेक्षा सरस वाटते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. सहलेखक डॅनियल कॉइल याने पूर्वी आर्मस्ट्राँगवर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. एकाच माणसाकडे दोनदा पाहण्याचा लाभ या लेखनाला झाला आहे.

तथापि हॅमिल्टन २००४ साली परक्या रक्ताच्या चाचणीत सापडला, आणि त्यानंतर कित्येक वर्षे तो नाकारत राहिला. डेव्हिड मिलरचे 'रेसिंग थ्रू द डार्क' अधिक डौलदार आहे, पण तेही पोलिसांनी घराची झडती घेतल्यानंतरचे. अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये निर्णय प्रसिद्ध केला, त्यात आर्मस्ट्राँगच्या अकरा माजी सहकाऱ्यांच्या साक्षी होत्या. त्यांतले जे तोवर शर्यतींत होते त्यांना सहा महिन्यांची बंदी झाली, तीही बहुतांशी शर्यती नसलेल्या हिवाळ्यात. सौदा म्हणून तो समजण्यासारखा आहे. तो नसता तर सत्य बाहेर आले नसते. पण वेळ टळल्यावर बोलणाऱ्याला परतीची वाट आणि वेळेवर बोलणाऱ्याला हद्दपारी, हा हिशेब कोणत्याही प्रयोगशाळेने सुटत नाही. २००८ पासून खेळाडूंच्या रक्ताची वर्षानुवर्षांची नोंद ठेवणारे जैविक पारपत्र आले, ते निःसंशय उपयोगी ठरले. तरी २०२४ च्या टूरमध्ये तादेय पोगाचार याने प्लातो द बेइ हा चढ मार्को पँतानीच्या १९९८ मधील वेळेपेक्षा तीन मिनिटांहून अधिक लवकर पार केला, तेव्हा पहिली प्रतिक्रिया कौतुकाची नव्हे, कुजबुजीची होती. त्याच्याविरुद्ध काहीही सिद्ध झालेले नाही; सायकली, आहार, सराव सारेच बदलले आहे. मागच्यांच्या खोटेपणाचे कर्ज तो फेडतो आहे.

क्रिस्तोफ बासाँ या फ्रेंच खेळाडूविषयी येथे लिहिलेच पाहिजे. फेस्टिना प्रकरणात त्याच्याच सहकाऱ्यांनी तपासात सांगितले की, तो मात्र काही घेत नव्हता. १९९९ ची टूर तो दुसऱ्या संघातून करत होता आणि एका वृत्तपत्रात स्तंभ लिहीत होता. या वेगाविषयी शंका आहे, असे त्याने लिहिले. पिवळा जर्सीधारी आर्मस्ट्राँग आल्प द्युएझच्या टप्प्यात त्याच्या शेजारी आला आणि त्याने त्याला घरी जाण्यास सुचवले. थव्यातला कोणी त्याच्या बाजूने उभा राहिला नाही. काही दिवसांत बासाँ खरोखरच घरी गेला, आणि २००१ साली खेळातून निवृत्त झाला.

टूरच्या विजेत्यांच्या यादीत १९९९ ते २००५ या सात ओळी आज कोऱ्या आहेत. १९९६ चा विजेता ब्यार्ने रीस याने २००७ साली ईपीओ घेतल्याचे मान्य केले. त्याचे नाव यादीत आहे. १९९८ चा विजेता पँतानी याच्या त्या काळच्या नमुन्यात ईपीओ आढळल्याचे फ्रेंच सिनेटच्या २०१३ च्या अहवालात नमूद आहे. त्याचेही नाव आहे. १९९९ च्या निकालपत्रकात पहिला क्रमांक रिकामा आहे. दुसरा अॅलेक्स त्स्युले, फेस्टिनाचाच माजी खेळाडू, ज्याने १९९८ मध्ये ईपीओची कबुली दिली होती. बासाँचे नाव शर्यत पुरी न करणाऱ्यांत सापडते.