‘स्ट्राँग इन्फरन्स’ ट्रकला लावून बघितलं तर

पीएचडीची तयारी करत असाल तर जॉन प्लॅट यांचा ‘स्ट्राँग इन्फरन्स’ हा निबंध कधी ना कधी तुमच्या हातात पडेलच. १९६४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला हा निबंध सात पानांचा आहे आणि एका बैठकीत वाचून होतो. काही शास्त्रं झपाट्याने पुढे जातात, काही रखडतात, असं का, हा त्यांचा प्रश्न. त्यांचं उत्तर साधं आहे: एका प्रश्नाची अनेक पर्यायी उत्तरं मांडा, त्यांतलं निदान एक तरी बाद करेल असा प्रयोग आखा, तो नीट करा आणि जे उरेल त्यावर पुन्हा हेच करा. दरवेळी झाडाची एक फांदी छाटायची.

निबंधातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे एक प्रश्न. कुणीही सिद्धांत मांडला की त्याला विचारायचं, कोणत्या प्रयोगाने तुझं म्हणणं खोटं ठरेल? हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय लागली तर तुमचं सिनॉप्सिस अर्धं सुधारतं. तरीही या निबंधात एक मोठी फट आहे आणि नवख्या संशोधकाचा पाय नेमका तिथेच अडकतो, असं माझं मत आहे.

आधी पद्धत चपखल बसते ती जागा बघू. त्यासाठी परळच्या बाहेर जायची गरज नाही. आजची हाफकिन संस्था ज्या वास्तूत आहे, तिथे १९०५ नंतरच्या काळात प्लेग कसा पसरतो याचे प्रयोग झाले. हवेतून, स्पर्शातून की उंदरांवरच्या पिसवांमधून? संशोधकांनी काही गिनीपिग पिसवांना पोचता येईल अशा ठिकाणी ठेवले, तर काहींचे पिंजरे पिसवांच्या उडीपलीकडे उंच टांगले किंवा बारीक जाळीत ठेवले. हवा सगळ्यांना तीच. पिसवा पोचल्या तिथे प्लेग पोचला आणि टांगलेले वाचले. एक फांदी उरली, बाकीच्या छाटल्या गेल्या. प्लॅट यांना हवा तसाच हा प्रयोग आहे.

आता त्याच भागातला, पण रस्त्यावरचा प्रश्न घेऊ. समजा, कॉटन ग्रीनला उभा राहणारा एक सहाचाकी ट्रक आहे. पुढच्या दोन चाकांच्या डिस्क आणि टायर नवीन टाकले आणि दुसऱ्या दिवसापासून पन्नास-साठच्या वेगाला स्टेअरिंग थरथरायला लागलं. ड्रायव्हर म्हणतो, चाकं खराब. टायरवाला म्हणतो, बॅलन्सिंग करा. मिस्त्री म्हणतो, किंगपिन गेलेत. तिघंही आपापल्या दुकानातलं उत्तर देतायत. पर्यायी उत्तरं नीट मांडली तर चार होतात:

एक, चाकाचं वजन एका बाजूला जास्त आहे. दोन, चाक नीट गोल नाही, म्हणजे डिस्क वाकडी आहे किंवा टायरची कड रिमवर सारखी बसलेली नाही. तीन, चाक चांगलं आहे पण हबवर सरळ बसलेलं नाही, मध्ये गंज, माती किंवा रंगाचा जाड थर आहे, किंवा नट समोरासमोरच्या क्रमाने न आवळता ओळीने आवळलेत. चार, किंगपिन, टाय रॉडचे एंड किंवा बेअरिंग आधीपासूनच झिजलेले आहेत.

यांना छाटायचं कसं? थोडं गणित करू. अशा ट्रकच्या टायरचा परीघ साधारण ३.३ मीटर. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला पाच फेरे घेतं. रिमच्या कडेला, मध्यापासून २५ सेंटिमीटरवर, २०० ग्रॅम वजन जास्त असेल तर या वेगाला सुमारे ५० न्यूटनचं बल फिरत राहतं. हे बल वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणून ताशी ३० ला ते फक्त १२-१३ न्यूटन उरतं. आता चाकाचा मध्य १ मिलिमीटर सरकलेला असेल तर? ट्रकचा टायर १ मिलिमीटर दाबायला ढोबळमानाने ८०० ते १००० न्यूटन लागतात. म्हणजे दर फेऱ्याला तेवढं बल कमी-जास्त होत राहतं, आणि तेही कमी वेगालासुद्धा.

हा फरक लक्षात घ्या. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक मोकळं फिरतं, त्यावर ट्रकचं वजन नसतं. त्यामुळे वाकडं चाकही तिथे ‘ओके’ दाखवू शकतं. शिशाचे तुकडे ठोकून पन्नास न्यूटनचा प्रश्न सुटतो, आठशेचा नाही. कमी वेगालाही गाडी हळूहळू डोलत असेल तर पहिला पर्याय मागे पडतो, दुसरा-तिसरा पुढे येतो.

दुसरा आणि तिसरा वेगळे करायला आणखी सोपा प्रयोग आहे. मागच्या चाकांना ओट लावा, एक्सल जॅकवर उचलून स्टँडवर टेकवा, टायरजवळ एक विटेसारखी स्थिर खूण ठेवा आणि चाक हाताने फिरवा. सगळ्यात उंच जागेवर खडूने रेघ मारा, तिच्यासमोरच्या स्टडलाही रेघ मारा. मग चाक काढून तीन-चार स्टड पुढे सरकवून बसवा आणि पुन्हा फिरवा. उंचवटा चाकासोबत सरकला तर दोष डिस्क-टायरमध्ये. त्याच स्टडपाशी राहिला तर दोष हबवर किंवा त्यावर साचलेल्या घाणीत. एवढ्यापुरते प्लॅट पैकीच्या पैकी मार्क घेतात.

फट पुढे आहे. समजा, मिस्त्रीने जुनी चाकं परत लावली आणि थरथर थांबली. निष्कर्ष: दोष नव्या चाकांचा. आता दुसऱ्या एखाद्या मिस्त्रीने नवी चाकं तशीच ठेवून किंगपिन बदलले असते तर? तेव्हाही थरथर थांबू शकली असती. म्हणजे दोन निर्णायक प्रयोग, दोन्ही यशस्वी, आणि उत्तरं एकमेकांविरुद्ध!

दोघंही खोटं बोलत नाहीत. नवं चाक थोडंसं वाकडं आहे, ते दर फेऱ्याला धक्का देतं. किंगपिन घट्ट असते तर तो धक्का स्टेअरिंगपर्यंत जेमतेम पोचला असता. ते झिजलेले आहेत, म्हणून एका ठरावीक वेगाला धक्क्यांची लय आणि ढिल्या सांध्यांची स्वतःची लय जुळते आणि स्टेअरिंग हातात नाचायला लागतं. वेग आणखी वाढवल्यावर थरथर कमी झाली तर हाच संशय बळावतो, कारण नुसत्या वजनाच्या फरकाने ती वाढतच गेली असती. जुन्या चाकांचा धक्का नव्यापेक्षा कमी होता, म्हणून झीज इतके दिवस लपून राहिली.

प्लॅट यांच्या झाडाला अशा उत्तरासाठी फांदीच नाही. ‘हे किंवा ते’ असं गृहीत धरलं की ‘हे आणि ते, एकत्र आल्यावरच’ हे सुचत नाही. गंमत अशी की ज्या टी. सी. चेंबरलिन यांचा प्लॅट आदराने आधार घेतात, त्यांनी १८९० सालीच हा मुद्दा मांडला होता. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांची खोरी नदीने कोरली, हिमनदीने की भूकवच वाकल्याने, या वादात त्यांचं म्हणणं होतं की तिन्हींचा वाटा असू शकतो आणि खरं काम तो वाटा ठरवण्याचं आहे. प्लॅट यांच्या झाडात चेंबरलिन यांचे अनेक पर्याय आले, त्यांची सरमिसळ गळाली.

ही फट नुसती तात्त्विक नाही. जुनी चाकं लावून ट्रक पाठवला तर ड्रायव्हर खूश, मालक खूश आणि झिजलेले किंगपिन भरल्या गाडीखाली घाटात निघाले. लक्षण गेलं, कारण राहिलं.

दुसरा आक्षेप छोटा आहे. प्लॅट यांची उदाहरणं रेणवीय जीवशास्त्र आणि कणभौतिकीतली आहेत, त्यामुळे कोणता प्रयोग सगळ्यात निर्णायक, एवढाच विचार येतो. लालबाग-परळच्या डॉ. आंबेडकर रोडवर दिवसाढवळ्या ट्रक साठच्या वेगाने सलग चालवून बघणं शक्य नाही, आणि नट ढिले असण्याची शंका असताना तो चालवून बघणं हा मूर्खपणा आहे. म्हणून आधी नट तपासायचे, मग जॅकवरचे प्रयोग, शेवटी रस्ता. हा क्रम निर्णायकपणाचा नाही, सुरक्षिततेचा आणि खर्चाचा आहे. तुमच्या लॅबमध्येही महागडं सॅम्पल आणि मशीनवरचा मोजका वेळ असतोच.

मग निबंध सोडून द्यायचा का? अजिबात नाही. त्याच्याशिवाय आपण टायरवाल्यासारखं एकच उत्तर घेऊन बसू. फक्त प्लॅट यांच्या प्रश्नाला दुसरा जोडा: माझी दोन उत्तरं एकाच वेळी खरी असतील तर काय दिसेल?

त्यासाठी वहीत चार चौकटी आखा. जुनी चाकं-जुने किंगपिन, नवी चाकं-जुने किंगपिन, जुनी चाकं-नवे किंगपिन, नवी चाकं-नवे किंगपिन. थरथर फक्त दुसऱ्या चौकटीत असेल तर ‘दोष कुणाचा’ हा प्रश्नच चुकीचा विचारला होता, हे तुम्हाला समोर दिसेल. किंगपिन बदलून बघणं खर्चिक आहे, म्हणून चारही चौकटी दरवेळी भरता येणार नाहीत. निदान चाक वर उचलून, वर-खाली टॉमी लावून ढिलेपणा किती आहे ते तरी बघता येतं. तुमच्या प्रपोजलमध्येही असंच करा. जी चौकट भरली नाही ती रिकामी दाखवा आणि का रिकामी राहिली ते लिहा. व्हायव्हाला परीक्षक बोट तिथेच ठेवतील, तेव्हा उत्तर तयार असेल.