हौशी छायाचित्रांची दाद

समीक्षा ही ग्रंथांची, नाटकांची आणि फार तर गाण्याची होते, असा आपल्याकडे एक समज आहे. वस्तुतः तिचा रोजचा व्यवहार ओट्यावर आणि चहाच्या टेबलाभोवती चालतो. चार माणसे एखादी वस्तू मधे ठेवून तिच्याविषयी बोलू लागली, की ती कोणते शब्द वापरतात यावरून त्यांची अभिरुची कळते, आणि कोणते प्रश्न विचारीत नाहीत यावरून त्यांची दृष्टी कळते. अशाच एका लहानशा व्यवहाराचे परीक्षण मला येथे करावयाचे आहे: हौशी छायाचित्रकार एकमेकांच्या चित्रांविषयी जे बोलतात त्याचे.

अमरावती आणि अकोला या दोन गावांत मिळून अशी दहा-बारा माणसे माझ्या परिचयाची आहेत. कोणी बँकेत, कोणी शाळेत, एकाचे औषधाचे दुकान आहे. त्यांच्या मंडळाला नाव नाही, अध्यक्ष नाही, वर्गणीही नाही. महिन्यातून एकदा इकडची मंडळी बडनेऱ्याला गाडी धरून अकोल्याला जातात, किंवा तिकडची इकडे येतात. प्रत्येकाने दोन-तीन चित्रे कागदावर छापून आणावयाची, टेबलावर मांडावयाची, आणि ज्याचे चित्र त्याने इतरांचे बोलून होईपर्यंत गप्प बसावयाचे, असा शिरस्ता आहे. मी चित्रे काढीत नाही. कादंबऱ्या लिहितो आणि मुले शिकवितो. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते, तेव्हा कलाशास्त्राच्या अधिकाराने मी बोलत नाही. ऐकणारा म्हणून मला तेथे जागा मिळाली आहे, आणि जे ऐकले त्यावर हे लिहीत आहे.

प्रथम या मंडळींचे ऋण मान्य केले पाहिजे. छत्री तलावावर हिवाळ्यात उतरणारे पाहुणे पक्षी, काटेपूर्णेच्या जलाशयावरची पहाट, नरनाळ्याच्या महाकाली दरवाज्यावरचे नक्षीकाम, मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरची आता बंद पडलेली शकुंतला गाडी. हे सारे मी आयुष्यभर जवळून पाहत आलो, पण नीट पाहिले ते यांच्या चित्रांत. शिवाय यांची दाद नुसत्या ‘वाहवा’ची नाही. ‘छान’ हा शब्द शिक्षकाला फार धोक्याचा. तो उच्चारला की मुलाचे शिकणे तेथेच थांबते. येथे ‘छान’वर कोणी थांबत नाही. आकाशाचा पांढरा डाग का झाला, डावीकडचा खांब चौकटीत कशाला हवा होता, रूळ दिसावेत म्हणून गुडघ्यावर का बसला नाहीत, असे थेट विचारले जाते. पुढच्या महिन्यात तोच गृहस्थ गुडघ्याला माती लावून काढलेले चित्र घेऊन येतो. समीक्षेचा असा प्रत्यक्ष उपयोग साहित्यात मला फारसा आढळलेला नाही.

पण ही सारी चर्चा चित्राच्या चौकटीच्या आतच फिरते. प्रकाश, रेषा, तोल, गडदपणा. चौकटीत उभे असलेले माणूस कोण, कुठले, चित्र कोणत्या दिवसाचे, हा प्रश्न टेबलावर येतच नाही. आला तर तो कलेच्या बाहेरचा समजला जातो.

ही सवय आजची नव्हे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली. छायाचित्रणाचा शोध जाहीर होऊन तेव्हा पुरी पंधरा वर्षे झाली होती. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांपैकी एक होते आणि स्वतः छायाचित्रे काढीत. सभासदांनी चित्रे आणावीत, ती एकमेकांना दाखवावीत, त्यांवर बोलावे, असाच तिचाही क्रम होता. तिच्याच आश्रयाने विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात हौशी छायाचित्रकारांच्या चित्रांचा एक संग्रह क्रमशः प्रसिद्ध केला. पुढे जॉन्सनने मुंबईच्या जातिजमातींवर दोन खंड काढले. ते लंडनला १८६३ आणि १८६६ साली छापले गेले. त्यांतील चित्रे आज पाहिली म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. माणसे एका ठिकाणी टिपलेली, आणि त्यांच्या मागचा देखावा दुसऱ्याच ठिकाणचा. माणूस कापून काढावयाचा, देखाव्यावर चिकटवावयाचा, आणि खाली जातीचे नाव लिहावयाचे. त्यानंतर सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाचे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात काढले; तेथेही बहुतेक ठिकाणी माणसाला नाव नाही, वर्ग आहे. या चित्रांची मांडणी सुबक आहे. आमच्या मंडळाच्या टेबलावर ती आली असती, तर मांडणीबद्दल पुष्कळ दाद घेऊन गेली असती, अशी मला भीती वाटते.

याच्या उलट एक उदाहरण आमच्याच मेळघाटातले आहे. रानपिंगळा या लहानशा घुबडाचे शास्त्रीय वर्णन ह्यूम याने १८७३ साली केले. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना मिळाला नाही. मधे माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याच्या संग्रहातील एका नमुन्यावर १९१४ साल आणि गुजरातमधील एक जागा नोंदलेली होती, म्हणून शोधणारे तिकडे भटकत राहिले. तो नमुना संग्रहालयातून चोरलेला, आणि वरची चिठ्ठी खोटी होती. पामेला रासमुसेन आणि तिच्या सहकाऱ्यांनी ती चिठ्ठी बाजूला सारून खऱ्या जुन्या नोंदींचा माग काढला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा त्यांना दिसला. त्याचे चित्रीकरण झाले. पुढे मेळघाटातही तो चांगल्या संख्येने आढळला. एका खोट्या चिठ्ठीने पक्षी नकाशावरून हरवला होता, आणि खऱ्या नोंदींच्या आधाराने तो परत सापडला.

आमच्या मंडळींना ही कथा पाठ आहे. म्हणूनच पक्ष्याचे चित्र टेबलावर आले, की जागा, तारीख, वेळ सारे विचारले जाते. घरट्यावरच्या पक्ष्याचे चित्र कोणी काढले, तर इतर त्याला खडसावतात. स्पर्धांतही निसर्गाच्या विभागात चित्रात काही घालू नये, त्यातून काही काढू नये, असा कडक नियम असतो. हे सर्व योग्यच आहे. मला फक्त एवढेच विचारावयाचे आहे, की घुबडाला जो न्याय आपण देतो तो वावरातल्या बाईला का देत नाही?

हा प्रश्न मला एका चित्राने विचारावयास लावला. दारात बसलेली एक प्रौढ स्त्री, पाठीमागे काळोख, पुढ्यात वेचून आणलेला कापूस. उजेड कापसावरून तिच्या गालावर चढलेला. चित्र खरोखर सुंदर होते. शीर्षक होते ‘उरलेली’. वऱ्हाडात कापूस आणि एकटी बाई एका चौकटीत आली, की पाहणाऱ्याच्या मनात एकच गोष्ट तयार होते. ती कोणती, हे वाचकांना सांगावयास नको. अर्धा तास चर्चा झाली. सावली, पोत, गालावरचा उजेड. एकाने सुचविले, की कपाळ थोडे काळे करा, म्हणजे कुंकू दिसणार नाही आणि चित्र स्पर्धेत वर जाईल. मी विचारले, “या बाईंचे यजमान वारले आहेत काय?” चित्रकाराला ठाऊक नव्हते. त्याने तसे म्हटलेही नव्हते. शीर्षकाने म्हटले होते.

तो गृहस्थ प्रामाणिक. पुढच्या रविवारी चित्राची प्रत घेऊन तो त्या गावी गेला, आणि मला बरोबर नेले. दार उघडले ते यजमानांनीच. त्या दिवशी ते जिनिंगवर गाडी घेऊन गेले होते, एवढेच. बाईंनी प्रत उजेडात धरून बराच वेळ पाहिली. मग म्हणाल्या, “कापूस चांगला देखते जी. पन बोटाची चिंधी कावून नाई देखत? त्या दिवशी बोंडाच्या काट्यानं बोट फाटलं होतं, म्हनून त मी बसली होती. नाही त दुपारची मी घरी कायले बसतो?”

चिंधी चित्रात होती. कापसाच्या पांढऱ्यात पांढरी. अर्धा तास आम्ही अकरा माणसे ते चित्र पाहत होतो, आणि कोणाच्याही दृष्टीला ती पडली नव्हती. वाळलेल्या बोंडाची टोके वेचणाऱ्याच्या बोटांना कशी लागतात हे वऱ्हाडात राहून कोणाला ठाऊक नाही? परंतु ‘उरलेली’ ही चिठ्ठी वर होती, आणि आम्ही चिठ्ठी वाचून चित्र पाहत होतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. कलेवर माहितीचे ओझे कशाला? भिंतीवरचा कवडसा सुंदर दिसण्यास भिंतीचा मालक कोण हे कळावे लागत नाही. हे मला मान्य आहे. कवडशाचे चित्र काढणाऱ्याला मी काही विचारणार नाही. परंतु माणसाचा चेहरा हा कवडसा नव्हे. मी कादंबरीकार आहे. वाटेल त्या बाईला मी वैधव्य देतो, पण तिचे नाव, गाव, नाकडोळे बदलून. माझ्या पात्राला कोणी बाजारात ओळखीत नाही. छायाचित्रकाराला ही पळवाट नाही. त्याने चेहरा घेतला तो खराच घेतला. मग त्यावर कल्पनेची चिठ्ठी चिकटविण्याचा अधिकार त्याला उरत नाही. जॉन्सनने माणसाच्या मागे दुसरा देखावा चिकटविला. आपण माणसाच्या खाली दुसरे आयुष्य चिकटवितो. तेव्हा कात्री लागत होती, आता एक शब्द पुरतो.

आणि यात कलेचे नुकसान होते असेही नाही. चिंधी दिसल्यावर ते चित्र मला अधिक चांगले वाटू लागले. उजेड कापसावरून बोटावर आणि बोटावरून गालावर जातो, ही त्याची खरी रेषा. ती रेषा प्रकाशाच्या चर्चेतून सापडली नाही, बाईंच्या बोलण्यातून सापडली. एवंच, विचारपूस हा आस्वादाचाच भाग आहे.

मंडळाला मी एक सूचना केली. माणसाच्या चित्रामागे पेन्सिलने गाव, तारीख आणि माणसाची परवानगी असल्यास नाव लिहावे, आणि एक प्रत त्याला पोचल्याखेरीज चित्र टेबलावर येऊ नये. दोघांनी ती धुडकावली, बाकीच्यांनी मान्य केली. ज्यांनी धुडकावली त्यांचे म्हणणे असे, की असे केले तर महिन्याला एखाददुसरेच चित्र येईल. येऊ द्या. ‘उरलेली’ हे शीर्षक चित्रकाराने खोडले आहे. त्याजागी गावाचे नाव, कार्तिकातली तारीख, आणि ‘वेचणीच्या दिवसांत’ एवढेच लिहिले आहे. बाईंनी आपले नाव लिहू नका म्हणून सांगितले, ते लिहिलेले नाही.