सात बाण, दोन अर्थ

यकृतकृमीचे जीवनचक्र जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ असते: अंडे, मिरॅसिडियम, स्पोरोसिस्ट, रेडिया, सर्केरिया, मेटासर्केरिया, प्रौढ कृमी आणि पुन्हा अंडे. पुस्तकांतल्या आकृतीत नावे बरोबर असतात, क्रमही बरोबर असतो. आमची तक्रार आहे ती बाणांबद्दल.

आकृतीतले सातही बाण सारखेच काढलेले असतात. अर्थ मात्र दोन आहेत. अंड्यातल्या गर्भाचा मिरॅसिडियम होतो आणि गोगलगाईत शिरून तोच स्पोरोसिस्ट बनतो. सर्केरिया शेपूट टाकून गवतावर मेटासर्केरिया होतो. तो गुराच्या पोटात गेला की त्याचाच प्रौढ कृमी होतो. हे चार बाण रूपांतराचे, एकाचा एकच. उरलेले तीन प्रजननाचे. रेडिया म्हणजे वाढलेला स्पोरोसिस्ट नव्हे, ती त्याची संतती. स्पोरोसिस्टमधल्या जननपेशींपासून, फलनाशिवाय, अनेक रेडिया तयार होतात आणि रेडियांत पुढे अनेक सर्केरिया. एका मिरॅसिडियमपासून असे शेकडो सर्केरिया निघतात. तिसरा बाण प्रौढ कृमीचा. तो रोज हजारो अंडी घालतो. मिरॅसिडियमला दिवसभरात योग्य गोगलगाय सापडली नाही तर तो मरतो, हे कळले की एवढ्या अंड्यांचा अर्थही लागतो.

दुसरी उणीव उदाहरणाची. पुस्तकातला कृमी बहुधा मेंढीतला फॅसिओला हेपॅटिका असतो. त्याचे चक्र १८८१ ते १८८३ या काळात इंग्लंडमध्ये थॉमस आणि जर्मनीत लॉइकार्ट यांनी स्वतंत्रपणे उलगडले. भारताच्या मैदानी भागात मात्र गाई-म्हशींत मुख्यतः फॅसिओला जायगँटिका आढळतो. त्याला लागते साठलेले पाणी, लिम्निया कुळातली गोगलगाय आणि पाण्याकाठी चरणारी गुरे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात मामा तलाव आणि बांध्या असताना हे चक्र शिकवायला परदेशातले कुरण कशाला हवे?

या कृमीचे अंडे शेणातून बाहेर पडते तेव्हा कवचात एक फलित पेशी आणि भोवती पीतक पेशी, एवढेच असते. पुढची वाढ ओलावा, प्राणवायू आणि ऊब मिळाली तरच होते. शेण तलावात गेले तर वाढ सुरू होते. खतखड्ड्यात नीट कुजले तर तिथल्या उष्णतेने अंडी मरतात. म्हणजे पहिला बाण शेतकऱ्याच्या हातात आहे.

शिक्षकांनी फळ्यावर रूपांतराचे बाण बारीक आणि प्रजननाचे जाड काढून पाहावेत. मग नावे विचारण्याऐवजी एकच प्रश्न विचारावा: आपल्या गावात यातला कोणता बाण तोडता येईल? गुरांवर ज्यांचे घर चालते, त्यांच्या मुलांना हा प्रश्न गुणांपुरता वाटणार नाही.