संतापाचं निदान

जोनाथन मेट्झल या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाचं 'द प्रोटेस्ट सायकोसिस' (२०१०) कार्यकर्त्यांनी वाचलंच पाहिजे. ब्लॅक पँथरचं नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्या काळ्या बंडखोरांकडं तिकडचं वैद्यक कसं बघत होतं, ते यात आहे. १९६८ साली दोन डॉक्टरांनी काळ्यांच्या चळवळीतल्या संतापालाच रोगाचं नाव दिलं. तेच या पुस्तकाचं शीर्षक. त्याच वर्षी अमेरिकेच्या अधिकृत रोगसूचीत स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकाराला वैरभाव आणि आक्रमकपणा चिकटला. १९७४ च्या औषधाच्या जाहिरातीत रोगी कोण? मूठ आवळलेला काळा माणूस. मिशिगनमधल्या आयोनियाच्या इस्पितळाचे जुने कागद मेट्झल चाळतो. गोऱ्या गृहिणींच्या नावापुढं लागणारं हे निदान साठच्या दशकात डेट्रॉईटच्या काळ्या पुरुषांना कसं डकवलं गेलं, ते दाखवतो. आपल्या कवितेला आक्रस्ताळी म्हणणारे समीक्षक आठवले की नाही?

पण पुस्तकाला एक मर्यादा आहे. इस्पितळाच्या कागदांत माणूस सापडतो तो बहुधा दाखल झाल्यावर. त्याच्या आधीचं काय? झोप उडाली, कानात आवाज येऊ लागले, तेव्हा तो कुणाच्या दारात गेला? भेदभाव तिथूनच सुरू होतो.

आजचं इंग्लंड बघा. तिथं सरकारी उपचार फुकट. पहिलं दार नेहमीच्या डॉक्टरचं. तरी काळा माणूस उपचारापर्यंत पोचतो तो गोऱ्यापेक्षा जास्त वेळा पोलिसांच्या हातून. मानसिक आरोग्य कायद्याखाली २०२२-२३ मध्ये डांबण्याचं प्रमाण लाखामागं गोऱ्यांत सुमारे ६४, काळ्यांत २२८. वर साहेबलोक म्हणणार, ही माणसं वेळेवर येतच नाहीत. कशी येतील? १९९८ साली डेव्हिड बेनेट हा काळा रुग्ण नॉर्विचच्या दवाखान्यात मेला. कर्मचाऱ्यांनी त्याला जमिनीवर दाबून धरलं होतं. आरोग्यसेवेत वंशभेद मुरलाय, हे चौकशी अहवालानंच म्हटलं. भीतीपायी उशीर, उशिरापायी बळजबरी, बळजबरीतून पुन्हा भीती. याला 'अज्ञान' म्हणायचं?

संतापाची बाजू मेट्झलनं मांडली. गप्प बसलेल्याची बाजू अजून लिहायची राहिलीय. वस्तीतला एखादा पोरगा मोर्चाला येईनासा होतो, जेवत नाही, भिंतीकडं बघत बसतो. 'ढिला पडला' म्हणून आपण त्याला सोडून देणार काय? त्याच्या घरी जा. त्याच्यासोबत दवाखान्याच्या रांगेत उभे राहा. पोलीस पोचायच्या आत.