राणी कुठे पळाली?

उन्हाळ्याच्या सुट्टीत अप्पा बळवंत चौकातून भाचीसाठी ‘हिमगौरी आणि सात बुटके’ची एक पातळशी रंगीत आवृत्ती आणली. शेवटच्या पानावर लग्न, आणि दुष्ट राणी ‘दूर पळून गेली’. भाची सहा वर्षांची. तिने पान उलटून मलपृष्ठ पाहिलं, पुन्हा मागे आली. “मामा, कुठे पळाली? रात्री परत आली तर?” झोपण्याआधी दाराला कडी लावलीय का, हे तिने दोनदा विचारलं.

मुलांनी घाबरू नये म्हणून शेवट मवाळ केला आणि भीती नेमकी तिथूनच घरात शिरली. ग्रिम बंधूंच्या गोष्टीत राणीला तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचावं लागतं. ते सहा वर्षांच्या मुलीला जसंच्या तसं वाचून दाखवावं, असं मी म्हणणार नाही. पण हिशेब चुकता झाला पाहिजे, हा मुलांचा हट्ट रास्त आहे. शिक्षा हवी तेवढी सौम्य करा, राणीला मोकळी सोडू नका.

परीकथेत तर्क कुठला, असं आपण सहज म्हणतो. आपली काऊ-चिऊची गोष्ट नीट ऐकून पाहावी. शेण पावसात वाहून जातं, मेण टिकतं. एका पावसात सगळं कथानक उभं राहतं. मग चिऊ दाराबाहेरच्या काऊला थांबवते ती बाळाच्या कामांवर: आधी न्हाऊ घालणं, मग अंग पुसणं, मग काजळ-तीट. घरात तान्हं भावंड असलेलं मूल हा क्रम चुकला की लगेच टोकतं. चिऊ निष्ठुर आहे का, यावर मुलांमध्ये वाद होतात. होऊ द्यावेत. भोपळ्यातल्या म्हातारीला वाघ दयेपोटी सोडत नाही. लेकीकडून ती लठ्ठ होऊन येईल, या हावेपायी सोडतो. संपूर्ण गोष्ट त्या हावेवर घरंगळत जाते. तिथे एक दुवा काढला की भोपळा जागीच थांबतो.

पाश्चात्त्य परीकथांतले दुवे मात्र फार हातांनी काढले, आणि बहुतेकदा मुलांच्याच नावाने. ग्रिम बंधूंच्या १८१२च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीचा जीव घ्यायला निघालेली बाई तिची सख्खी आई आहे. १८१९मध्ये ती सावत्र झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेलची आईसुद्धा १८४०च्या आवृत्तीत सावत्र झाली. म्हणजे ज्या सावत्र आईला आपण परंपरा समजून मराठीत आणलं, ती निदान या दोन गोष्टींत संपादकाच्या लेखणीतून आलेली आहे. आज वर्गात एखाद्या मुलाच्या वडिलांनी दुसरं लग्न केलेलं असतं, आणि ते मूलही हीच गोष्ट ऐकत असतं. ते पाहिलं की मला या दुरुस्तीचा राग येतो. चुंबनाचंही तसंच. ग्रिमच्या गोष्टीत राजपुत्र बेशुद्ध मुलीचं चुंबन घेत नाही. काचेची पेटी वाहणारे नोकर अडखळतात, धक्का बसतो आणि घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. साधं, पटणारं कारण. आपल्या पुस्तकांनी मात्र डिस्नेच्या १९३७च्या चित्रपटातलं चुंबन उचललं.

परीकथाच नको, हे उत्तरही पुण्याने देऊन पाहिलं. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने १९८६मध्ये थिएटर अकादमीत आली. मोठी माणसं मुलांच्या भूमिका करू लागली. राजे, राक्षस गेले आणि घरातले, शाळेतले खरे पेच आले. ते फार मोलाचं काम झालं. तरी रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्त्या गलबत्त्या’ २०१८मध्ये नव्याने आलं तेव्हा चिंची चेटकिणीला पाहायला मुलांनी थिएटरं भरून टाकली. मला त्याचं नवल वाटलं नाही. ग्रिप्सने मुलांच्या अडचणींना नाव दिलं. ज्या भीतीला नावच नसतं, तिला चेहरा चेटकीण देते. आणि ती समोर, उजेडात उभी असते. तिच्यावर ओरडता येतं.

मराठीत या गोष्टी पुन्हा सांगायला जाणता संपादक हवा, मूळ पाठ शेजारी ठेवून बसणारा. काय वगळलं तर काय कोसळतं, हे त्याला कळायला हवं.

आमच्या प्रतीत ‘दूर पळून गेली’वर पेन्सिलीची आडवी रेघ आहे. खाली भाचीच्या अक्षरात लिहिलंय, की राणी आता बुटक्यांच्या घरी राहते आणि रोज सात ताटं, सात वाट्या घासते. दाराला बाहेरून कडी आहे.