सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचे आंतरजालीय वार्तांकन : एक तुलनात्मक विचार

प्रस्तावना :
किराणा घराण्याचे थोर गायक रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व यांचे 1952 मध्ये निधन झाले. त्यांचे शिष्य पं. भीमसेन जोशी यांनी 1953 मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात संगीत महोत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळातर्फे होणाऱ्या या महोत्सवास पं. जोशी यांच्या निधनानंतर (2011) त्यांचेही नाव जोडण्यात आले. कोल्हारसारख्या प्रवराकाठच्या गावातील रसिकास डिसेंबरात पाच दिवस पुण्यात राहणे सहसा शक्य नसते. त्याच्यापर्यंत महोत्सव पोहोचतो तो प्रामुख्याने वार्तांकनातून. म्हणूनच या वार्तांकनाची चिकित्सा आवश्यक ठरते.

तुलना :
मराठी दैनिकांच्या संकेतस्थळांवर मुख्यतः छापील वृत्तच दिसते. कलावंत, राग, बंदिश, साथीदार असा त्याचा ठरलेला क्रम असतो. ही नोंद विश्वसनीय असते, मात्र तीत ‘रसिक मंत्रमुग्ध झाले’ यापलीकडे मूल्यमापन क्वचितच आढळते. इंग्रजी दैनिके अपरिचित वाचक गृहीत धरतात. त्यामुळे घराणे, ख्याल यांसारख्या संज्ञांचा खुलासा होतो. परंतु कलावंताच्या मुलाखतीपुढे प्रत्यक्ष गायन दुय्यम ठरते. वृत्तवाहिन्यांच्या संकेतस्थळांवर छायाचित्रे व लघुचित्रफिती यांचे प्राबल्य असते. तेथे वातावरण दिसते. विलंबित ख्यालाची सावकाश बढत मात्र काही सेकंदांत मावत नाही.

या तिन्ही प्रकारांत एक समान उणीव जाणवते. पूर्वी हा महोत्सव रात्रभर चालत असे. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नंतर रात्रीच्या ध्वनिक्षेपणावर मर्यादा आली आणि मैफलींचे वेळापत्रक बदलले. परिणामी उत्तररात्रीच्या व पहाटेच्या रागांना त्यांच्या नियत प्रहरी स्थान उरले नाही. रागसमय हे हिंदुस्थानी संगीताचे महत्त्वाचे तत्त्व होय. तरीही ‘कोणते राग ऐकू आले नाहीत’ हा प्रश्न दैनंदिन वृत्तात सहसा विचारला जात नाही.

मराठीत संगीतसमीक्षेची परंपरा नाही असे नव्हे. वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’ (1961) या ग्रंथाने स्वर व लय यांच्या आधारे घराण्यांचे विवेचन केले. आंतरजालावर जागेची मर्यादा नाही, तरी तेथील वृत्त संक्षिप्तच राहिले. म्हणजे अडचण माध्यमाची कमी आणि संपादकीय प्राधान्यक्रमाची अधिक आहे, असे म्हणावे लागते.

निष्कर्ष :
नोंद मराठी दैनिकांकडून, संदर्भ इंग्रजी दैनिकांकडून व दृश्यानुभव वाहिन्यांकडून मिळतो. समीक्षा मात्र तिन्हींत अपुरी राहते. सभामंडपातील श्रोता ही उणीव स्वतःच्या कानांनी भरून काढतो. दूरच्या वाचकास तो पर्याय नसतो. त्याच्या हाती केवळ स्तुती पडली, तर नावे लक्षात राहतात, पण गाणे कळत नाही. महाविद्यालयीन संगीत व वृत्तविद्या विभागांनी विद्यार्थ्यांना मैफलीचे समीक्षालेखन शिकविल्यास ही दरी काही अंशी भरून निघू शकेल.