क्षमेविना पापनिवेदन : ‘डबल इन्डेम्निटी’ या चित्रपटाच्या निमित्ताने

धर्मगुरू व धर्मशिक्षक यांच्यासाठी निघणाऱ्या या पत्रिकेत खुनाच्या चित्रपटाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उद्भवेल. प्रश्न रास्त आहे. परंतु चित्रपट हा विषय ख्रिस्तसभेने कधीच परका मानलेला नाही. पोप अकरावे पायस यांनी १९३६ साली ‘विजिलान्ती कुरा’ हे परिपत्रक केवळ चित्रपट या विषयावर काढले होते. त्याआधी १९३० मध्ये अमेरिकन चित्रपटांसाठी जी नीतिसंहिता तयार झाली, तिचा मसुदा येशूसंघीय धर्मगुरू डॅनियल लॉर्ड आणि कॅथलिक प्रकाशक मार्टिन क्विग्ली यांनी केला होता. १९३४ पासून तिची अंमलबजावणी कडकपणे होऊ लागली. प्रेक्षकांची सहानुभूती पापाच्या बाजूला झुकता कामा नये, हे तिचे मूळ सूत्र होते.

याच संहितेच्या चौकटीत राहून चाळिशीच्या दशकात अमेरिकेत एक विलक्षण काळोखी चित्रपटप्रकार वाढीस लागला. महायुद्ध संपल्यावर हे चित्रपट फ्रान्समध्ये एकामागून एक पोचले, तेव्हा १९४६ मध्ये तेथील समीक्षकांनी त्यांना ‘फिल्म न्वार’, म्हणजे काळा चित्रपट, असे नाव दिले. रात्रीचे शहर, ओले रस्ते, खिडकीच्या पट्ट्यांची चेहऱ्यावर पडणारी सावली आणि आपल्याच हाताने विणलेल्या जाळ्यात गुरफटत जाणारा मनुष्य, ही त्याची ओळख. या प्रकारातील आमच्या विशेष आवडीचा चित्रपट म्हणजे बिली वाइल्डर यांनी दिग्दर्शित केलेला ‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४). त्याची आवड आम्ही लपवून ठेवीत नाही. कारण पापनिवेदनाविषयी त्याने आम्हांला जे शिकविले, ते अनेक ग्रंथांनीही तितक्या स्पष्टपणे शिकविले नव्हते.

कथा जेम्स केन यांची असून पटकथा वाइल्डर व रेमंड चँडलर यांनी लिहिली. वॉल्टर नेफ हा लॉस एंजेलिसमधील विमा कंपनीचा विक्रेता. फिलिस डिट्रिक्सन नावाच्या विवाहितेच्या मोहात तो पडतो. दोघे मिळून तिच्या नवऱ्याची फसवून अपघात विम्याच्या अर्जावर सही घेतात आणि त्याचा खून करून तो धावत्या आगगाडीतून पडल्याचा देखावा रचतात. कारण रेल्वे अपघातात मृत्यू आल्यास पन्नास हजार डॉलरांचे एक लाख मिळावयाचे असतात. ही दुप्पट भरपाई म्हणजेच चित्रपटाचे नाव. नेफचा वरिष्ठ सहकारी व मित्र बार्टन कीज हा खोटे दावे हुडकून काढण्यात निष्णात. तो हळूहळू सत्याच्या जवळ येत जातो. फक्त गुन्हेगार आपलाच मित्र आहे, एवढेच त्याला दिसत नाही.

ही सारी हकीकत आपण ऐकतो ती नेफच्याच तोंडून. खांद्यात गोळी घेऊन तो मध्यरात्री रिकाम्या कचेरीत येतो आणि ध्वनिमुद्रण यंत्रापुढे बसून कीजला उद्देशून बोलू लागतो. प्रारंभीच तो बजावतो की, तुम्ही याला कबुलीजबाब म्हणाल, पण तो शब्द मला आवडत नाही. खून कोणी केला, हे आपल्याला पहिल्या काही मिनिटांतच कळते. पुढे राहतो तो एकच प्रश्न : या माणसाचे निवेदन कोण ऐकणार?

प्रायश्चित्त संस्कारात पाप्याने करावयाच्या तीन गोष्टी आपण शिकवितो : अनुताप, निवेदन आणि पापाची भरपाई. या तिन्ही गोष्टी नेफच्या ठायी अर्धवट का होईना, आढळतात. निवेदन तर संपूर्ण आहे. तो स्वतःस कोठेही सवलत देत नाही. भरपाईही आहे. फिलिसच्या सावत्र मुलीचा प्रियकर झॅकेटी याच्या माथी खून मारून आपण सुटावे, असा त्याचा बेत असतो. पण अखेरच्या घटकेस तो त्या तरुणाला फिलिसच्या घराच्या दारातून परत फिरवितो आणि त्या मुलीला दूरध्वनी करण्यासाठी हातात नाणे देतो. एक निरपराध जीव वाचतो. लाख डॉलरांच्या दुप्पट भरपाईच्या या कथेत खरी भरपाई एवढीच, एका लहानशा नाण्याची. जक्कयाने चौपट परत करण्याचे वचन दिले होते. नेफजवळ त्या नाण्यापलीकडे द्यावयास काही उरलेले नव्हते.

अनुताप कोठून आला, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. कथेच्या ओघात नेफ अशाच यंत्रावर कीजचा आवाज चोरून ऐकतो. कंपनीच्या प्रमुखाला नेफविषयी संशय आलेला असतो, आणि कीजने त्याला कळविलेले असते की, या माणसाला मी अकरा वर्षे ओळखतो, त्याची हमी मी घेतो. ज्याला आपण फसविले तोच आपल्यासाठी जामीन राहिला आहे, हे नेफला तेथे कळते. प्रथम तो या विश्वासाचाही गैरफायदा घेऊ पाहतो. तरीपण अखेरीस जखमी अवस्थेत तो सरहद्दीकडे पळत नाही, ध्वनिमुद्रण यंत्राकडे येतो. कृपा ही निवेदनाच्या आधी येते, मागाहून नव्हे, हा सिद्धान्त आम्ही सेमिनरीत पाठ केला होता. त्याचे चित्र या प्रसंगात पाहिले.

चित्रपटाच्या शेवटाविषयी एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. नेफला वायुकोठडीत मृत्युदंड दिला जात असल्याचे दृश्य वाइल्डर यांनी प्रत्यक्ष चित्रित केले होते आणि नंतर गाळून टाकले. पापाला शिक्षा झालीच पाहिजे, असा आग्रह संहिता धरू शकत होती. पण पश्चात्ताप घडविणे तिच्या हाती नव्हते. शिक्षेचे दृश्य गेल्यावर उरले ते कचेरीचे दार. कीज केव्हाचा येऊन उभा आहे, त्याने ऐकले आहे. तो नेफला पळून जाऊ देत नाही, अथवा गुन्हा झाकीतही नाही. नेफ मात्र दारापर्यंत जाऊन कोसळतो. संपूर्ण चित्रपटभर कीजच्या चिरुटाला काडी ओढून देणारा नेफ आता स्वतःची सिगारेट पेटवू शकत नाही. ती कीज पेटवून देतो. क्षमेचा एकही शब्द उच्चारला जात नाही, तसा अधिकारही कीजला नाही. पण यंत्राला सांगितलेले मनुष्याने ऐकले, आणि ऐकून तो मनुष्य दूर सरला नाही.

येथपर्यंत स्तुती झाली. आता या चित्रपटाविरुद्धची आमची तक्रार. नेफला आपले मन मोकळे करावयास जवळजवळ पावणेदोन तास मिळतात. फिलिसला काय मिळते? तिने नेफवर एक गोळी झाडलेली असते, दुसरी तिच्याने झाडवत नाही. आपण आजवर कोणावरही प्रेम केले नव्हते, पण या क्षणी काही निराळे घडले, असे ती सांगते. विश्वास ठेव, असेही ती म्हणत नाही; केवळ जवळ घे, एवढेच मागते. नेफ तिला ठार करतो. ती खरे बोलत होती की नाही, याचा निर्णय चित्रपट देत नाही, आणि देण्याची त्याला निकडही वाटत नाही. मोहिनी घालणारी, पुरुषाला रसातळाला नेणारी स्त्री हा या चित्रपटप्रकाराचा ठरीव साचा. त्या साच्यात स्त्रीच्या अनुतापाला जागाच ठेवलेली नाही. उत्तम कलाकृतीतील हा अन्याय आहे. तो आपल्या ओळखीचा वाटतो, हे अधिक वाईट. कोणाचा पश्चात्ताप ऐकण्याजोगा आणि कोणाचा ढोंग, हे आपणही कित्येकदा माणूस पाहून आधीच ठरवून टाकतो.

तुलनेसाठी आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘आय कन्फेस’ (१९५३) पाहावा. येशूसंघीयांच्या शाळेत शिकलेल्या या दिग्दर्शकाने येथे प्रत्यक्ष संस्कारच कथेच्या केंद्रस्थानी ठेवला आहे. क्वेबेक शहरात चर्चचा सेवक केलर धर्मगुरूचा झगा घालून खून करतो आणि फादर लोगन यांच्यापाशी येऊन पापनिवेदन करतो. पापनिवेदनाची गुप्तता पाळणे भाग असल्यामुळे संशय फादरांवरच येतो, खटला उभा राहतो, तरी ते मौन सोडीत नाहीत. धर्मगुरूंना हा चित्रपट साहजिकच प्रिय आहे. परंतु केलर निवेदनाचा उपयोग लपण्याच्या जागेसारखा करतो. भरपाई दूरच, आपला दोष तो फादरांवर ढकलू पाहतो. मरतेवेळी मात्र तो क्षमा मागतो आणि ज्याला त्याने फाशीच्या छायेत लोटले, तोच धर्मगुरू त्याच्यासाठी पापक्षमेची प्रार्थना करतो. एका चित्रपटात निवेदन आहे, संस्कार नाही. दुसऱ्यात संस्कार आहे, पण अंतःकरण अखेरपर्यंत बंद आहे. दोन्ही एकत्र आले म्हणजेच सलोखा घडतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील यूदासाचा प्रसंग आपण सहसा घाईने वाचतो. त्याला अनुताप झाला. त्याने चांदीची तीस नाणी परत केली. निर्दोष रक्ताचा आपण घात केला, हे त्याने उघडपणे सांगितले. तिन्ही गोष्टी घडल्या. ज्यांना त्याने सांगितले ते मुख्य याजक होते, आणि त्यांनी त्याला झिडकारले. ज्याच्याकडे परत जावयाचे त्याच्याकडे तो गेला नाही, हे खरे. परंतु वाटेत भेटलेल्या याजकांनी त्याला तिकडे वळविले नाही, हेही तितकेच खरे. त्या ठिकाणी याजकांऐवजी कोणी कीज उभा असता तर?

उपवासकाळात रांगा लांबतात, वेळ अपुरा पडतो, आणि जाळीपलीकडील स्वर ऐकता ऐकता आपण यांत्रिकपणे उत्तरे देऊ लागतो. यंत्र सर्व काही टिपून घेते, पण मान वर करून पाहत नाही. आपल्यापाशी तर कीजजवळ नसलेला अधिकार आहे. तो वापरताना कीजजवळ असलेले अंतःकरण आपल्यापाशी असू नये, यापरते दैन्य कोणते? प्रौढांच्या अभ्यासवर्गात धर्मशिक्षकांनी हा चित्रपट अवश्य दाखवावा. तो संपल्यावर, नेफचे काय चुकले, हे विचारू नये. ते सर्वांना कळलेले असते. फिलिसचे कोणी ऐकले, एवढेच विचारावे आणि थोडा वेळ गप्प बसावे.